दहावीनंतर बास्केटबॉल कुठे जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या क्रीडा पानावर अगदी तळाशी एकोणीस वर्षांखालील मुलींच्या जिल्हास्तरीय बास्केटबॉलची बातमी होती. दीड ओळ. एका कनिष्ठ महाविद्यालयाने दुसऱ्यावर मात केली, एवढंच. किती गुणांनी ते नाही, कुणी किती गुण केले ते नाही. त्या सामन्याला मी पहिल्या मिनिटापासून हजर होते. हरलेल्या संघात माझी भाची होती. हरल्याचं वाईट वाटलंच, पण पत्र लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. फिलिपाईन्समधल्या एका मुलापासून.

मी निवृत्त परिचारिका. २००३ ते २०२१ अशी अठरा वर्षं कुवेतच्या एका रुग्णालयात नोकरी केली. वसतिगृहात माझ्या खोलीत जी फिलिपिनो मुलगी होती, तिच्याबरोबर मी सोळा वर्षं काढली. नवऱ्याबरोबर काढली नसतील एवढी. ती नेग्रोस बेटावरची, बाकोलोद शहराच्या जवळच्या गावातली. पहिल्याच रात्री तिनं विचारलं, तुझ्या गावात काय पिकतं? मी म्हटलं, ऊस. ती उठून बसली. नेग्रोस म्हणजे त्यांच्या देशाचं साखरेचं कोठार. तिचा बाप ऊसतोडीला जायचा. कारखान्याचं गाळप थांबलं की पुढच्या तोडणीपर्यंत घरात पैसा नाही, त्या महिन्यांना तिकडे 'तिएम्पो मुएर्तो' म्हणतात, मेलेला काळ. आमच्या मामांच्या गावाला, पन्हाळ्याच्या पायथ्याशी, दर पावसाळ्यापूर्वी टोळ्या परत जाताना मी बघितल्या होत्या. बीडकडची माणसं, बैलगाड्यांवर भांडीकुंडी बांधलेली. त्या रात्री आम्ही दोघी उसावरच बोलत बसलो.

मग तिनं फोटो दाखवले. त्यातला एक तिच्या धाकट्या भावाचा. सात वर्षांचा पोरगा, पायात रबरी स्लीपर, हातात त्याच्या पोटापेक्षा मोठा चेंडू. मागे पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटचं कोर्ट. मला वाटलं शाळा असेल. ती म्हणाली, नाही, हे आमच्या बारांगायचं कोर्ट. बारांगाय म्हणजे आपला वॉर्ड समजा, खेड्यात असेल तर ग्रामपंचायत. पुढे सुट्टीत मी तिच्याबरोबर तिच्या गावी जाऊन आले तेव्हा बघितलं, वाटेत लागलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत असं एक कोर्ट होतं. त्याच छपराखाली लग्नं लागतात, लसीकरण होतं, वादळ आलं की लोक तिथेच आसरा घेतात. आणि संध्याकाळी पोरं खेळतात. कोल्हापुरात प्रत्येक पेठेला जशी तालीम, तसंच ते. मला ते परकं वाटलंच नाही.

ती माणसं आपल्यासारखीच, उंचीनं फार नाहीत. तरी बास्केटबॉल त्यांच्या अंगात का भिनला, हा प्रश्न मी तिला कितीदा तरी विचारला. अमेरिकन राजवटीत शाळांमधून आणि वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेमधून हा खेळ तिथे गेला, आणि शाळांनी तो सोडला नाही. कॉलेजांची त्यांची एक संघटना १९२४ पासून स्पर्धा घेते आणि मनिलातल्या मोठ्या विद्यापीठांची दुसरी, यूएएपी, १९३८ पासून. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला तेव्हा फिलिपाईन्स पाचवा आला. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत रिओला त्यांनी कांस्य मिळवलं. त्याहून वर आशियातला एकही पुरुष संघ त्या स्पर्धेत आजवर गेलेला नाही. १९७५ ला त्यांची व्यावसायिक लीग सुरू झाली, आशियातली पहिली. त्या लीगचा १९९६ चा सर्वोत्तम खेळाडू जॉनी अबारिएंतोस हा फक्त पाच फूट सात इंचांचा. माझी भाची आज पाच फूट सहा आहे. 'आपल्या मुलांना उंची नाही' हे कारण माझ्यासमोर कुणी सांगू नये.

पण मला तारखा सांगायच्या नाहीत, त्या मुलाची वाट सांगायची आहे. कारण ती मी त्याच्या सातव्या वर्षापासून नोकरीला लागेपर्यंत, त्याच्या बहिणीच्या शेजारच्या खाटेवर बसून बघितली आहे.

तो गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत होता. शाळेच्या संघात आला, मग तालुक्याच्या, मग प्रांताच्या, मग विभागाच्या. वर राष्ट्रीय शालेय स्पर्धा, तिचं नाव पालारोंग पाम्बान्सा, १९४८ पासून चालू आहे. संपादक महाशय, ही शिडी आपल्याकडेही जशीच्या तशी आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. चौदा, सतरा, एकोणीस असे वयोगटही ठरलेले. शिडीत काहीच कमी नाही. तिकडे प्रत्येक पायरीवर कुणीतरी उभं असतं, एवढाच फरक. हा पोरगा बारा वर्षांचा असताना विभागाच्या संघातून खेळला, आणि सामना संपल्यावर बाकोलोदच्या एका खाजगी माध्यमिक शाळेचे प्रशिक्षक त्याच्या आईला शोधत मैदानाबाहेर आले. फी माफ, राहणं-जेवण शाळेकडे, गणवेश आणि बूट शाळेकडे. अट दोन. पहाटेचा सराव चुकवायचा नाही, आणि एकाही विषयात नापास व्हायचं नाही.

तिच्या आईला लिहिता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव. तिनं तो कागद सही न करता घरी आणला आणि मुलीला कुवेतला फोन लावला. रात्रपाळी करून आलेली मुलगी त्या कागदातली एक-एक ओळ आईकडून अक्षर-अक्षर करून वाचून घेत होती. मी चहा करत होते. तास गेला त्यात. शेवटी ती म्हणाली, सही कर.

बूट शाळा देणार होती तरी बहिणीनं पाठवलेच. फिलिपिनो माणसं परदेशातून घरी मोठं खोकं भरून पाठवतात, बालिकबायन बॉक्स म्हणतात त्याला. साबण, कॉफी, टॉवेल, डबाबंद मांस, आणि मध्ये बूट. बुटांच्या खरेदीला मी बरोबर होते. एक नंबर मोठे घेतले, खोकं समुद्रमार्गे पोचायला दीड-दोन महिने लागतात आणि तेवढ्यात पाय वाढतो म्हणून. तरी ते त्याला घट्टच झाले.

शुक्रवारी आमची सुट्टी. कुवेतमधले फिलिपिनो कामगार पहाटेपासून उघड्या कोर्टांवर लीग खेळायचे. ड्रायव्हर, वेल्डर, हॉटेलातले आचारी, नर्सेसचे नवरे आणि भाऊ. जर्सीवर स्वतःच्या गावाचं नाव. वसतिगृहातल्या मुली मला 'आते' म्हणायच्या. त्यांच्यात आते म्हणजे थोरली बहीण. माझी भाची मला आत्या म्हणते, त्यामुळे मला तो शब्द कधी परका वाटला नाही. एका शुक्रवारी गुण मांडणारा माणूस आजारी पडला आणि त्यांनी वही माझ्या हातात दिली. नर्सला तक्ते भरायची सवय असते. नाडी, ताप, लघवी, दर चार तासांनी. इथे दर बास्केटला एक खूण, फाऊलला दुसरी, फ्री थ्रो आत गेला तर गोल भरायचा, नाही तर मोकळा ठेवायचा. पुढची दहा वर्षं ती वही माझ्याकडे होती. सामना संपला की खेळाडू घामेजलेले माझ्याभोवती जमायचे, आपले गुण बघायला. रात्रभर टॅक्सी चालवून आलेला चाळिशीचा माणूस, आपल्या नावापुढचे सहा गुण दोनदा मोजायचा. त्याच संध्याकाळी ते गुण तो घरी मुलांना फोनवर सांगायचा.

तर तो पोरगा. शाळेत चार वर्षं खेळला. दुसऱ्या वर्षी बीजगणितात अडकला तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला तीन सामने बाहेर बसवलं आणि गणिताच्या बाईंकडे रोज एक तास पाठवलं. ते बीजगणित त्याला आजही येतं. २०१२ साली सोळाव्या वर्षी मनिलातल्या एका विद्यापीठानं त्याला घेतलं. मुख्य संघात नव्हे, तर ज्याला ते 'टीम बी' म्हणतात त्यात. दोन वर्षं त्यानं मुख्य संघाबरोबर सराव केला आणि एकाही अधिकृत सामन्यात जर्सी घातली नाही. तिथे एकेका जागेसाठी दहा पोरं असतात, परदेशातूनही उंच खेळाडू येतात. बहीण म्हणायची, परत ये, इथे गॅरेजमध्ये काम बघते. तो म्हणायचा, अजून एक वर्ष.

मग त्यानं विद्यापीठ बदललं. आणि तिथे मी पहिल्यांदा त्या व्यवस्थेची कडू बाजू बघितली. पहिल्या विद्यापीठानं कागदपत्रं द्यायला कित्येक महिने लावले. बदलून आलेल्या खेळाडूला एक पूर्ण हंगाम खेळता येत नाही, असा नियम. ते एक वर्ष तो रोज सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी पॅव्हेलियनमध्ये साध्या कपड्यांत बसायचा. त्या वर्षी त्याचा फोन फार कमी आला.

तिथलं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. मनिलातली श्रीमंत विद्यापीठं प्रांतांमधली चांगली पोरं उचलतात आणि प्रांतांच्या स्पर्धा ओस पडतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आमिषं दाखवतात. एका जलतरणपटू मुलीनं माध्यमिक शाळेनंतर दुसरं विद्यापीठ निवडलं म्हणून तिला दोन वर्षं स्पर्धेबाहेर ठेवणारा नियमही त्यांनी केला होता. पण त्यावर तिथे ओरडा झाला, न्यायालयात प्रकरण गेलं, संसदेत गेलं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये विद्यार्थी-खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कोणतंही कॉलेज निवडता येईल, त्यासाठी त्याला बसवून ठेवता येणार नाही. एका कॉलेजातून दुसऱ्यात गेला तर जास्तीत जास्त एक वर्ष. फी, राहणं, जेवण, साहित्य, दवाखाना, दरमहा ठरावीक खर्चाची रक्कम, यातलं काय काय खेळाडूला देता येईल ते कायद्यात लिहिलं. माझ्या रूममेटच्या भावाचं वर्ष तोवर गेलंच होतं. तरी कायदा झाल्याची बातमी तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली होती, हे मला आठवतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू झाला आणि तो पहिल्यांदा उतरला. आमच्या मजल्यावरच्या एका खोलीत फिलिपिनो वाहिनी लागायची. आम्ही चौदा जणी तिथे कोंबून बसलो होतो. दुसऱ्या क्वार्टरला तो आला. चार मिनिटं. दोन फ्री थ्रो मिळाले, एक आत, एक रिंगवरून बाहेर. चार मिनिटांनी परत बाकावर. बहीण रडत होती आणि हसत होती. मी वहीत एक भरलेला गोल आणि एक मोकळा गोल काढला, तारीख घातली आणि ते पान फाडून तिला दिलं. ते तिनं पाकिटात ठेवलं.

दोन हंगाम खेळला तो. नाव झालं असं नाही. व्यावसायिक लीगमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. पण शारीरिक शिक्षणाची पदवी त्याच्या हातात होती, एक पैसा फी न भरता मिळालेली. आज तो नेग्रोसमध्ये सरकारी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि संघ तयार करतो. ऊसतोड्याच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या दृष्टीनं ती वाट फळाला आली ती इथे.

ज्यांचं नाव झालं ती पोरंही याच वाटेनं गेली. सेबू बेटावरच्या पिनामुंगाहान गावचा जून मार फहार्दो मनिलाला न जाता सेबूच्याच विद्यापीठातून खेळला, आणि पुढे २०१४ पासून सलग सहा वेळा व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मे २०२२ मध्ये फिलिपाईन्स विद्यापीठानं छत्तीस वर्षांनी यूएएपीचं विजेतेपद जिंकलं. जादा वेळेत, संपायला क्षणभर राहिला असताना तीन गुणांचा निर्णायक फटका मारला तो जेडी कागुलांगान या मुलानं, आणि तो मुलगा दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आलेला होता. मी तेव्हा कोल्हापूरला परत आले होते. रूममेटचा व्हिडिओ कॉल आला, तिच्या मागे तिचा भाऊ ओरडत होता. तो ज्या विद्यापीठातून खेळला ते हे नव्हे. तरी ओरडत होता, बदलून आलेल्या मुलानं मारला म्हणून.

आता कोल्हापूर.

माझ्या भाचीनं पाचवीत असताना शाळेत पहिल्यांदा चेंडू हातात घेतला. पीटीचे सर चांगले भेटले. सहावी ते दहावी तिचा खेळ मी बघितला, आधी भावानं पाठवलेल्या व्हिडिओंत, नंतर प्रत्यक्ष. सतरा वर्षांखालच्या गटात विभागापर्यंत गेली. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळाले. आणि त्या दिवशी घरात सगळे जे बोलले ते मी इथे लिहिते, कारण मला खात्री आहे की ते शेकडो घरांत बोललं जातं. 'झालं, गुण मिळाले ना? आता खेळ बंद, अभ्यास सुरू.' बोलणारी माझी वहिनी वाईट बाई नाही. मुलीला डॉक्टर करायचं तिच्या मनात आहे, आणि क्लासची फी तिनं सोनं मोडून भरली आहे. ती चुकली असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? खेळत राहिलीस तर पुढे काय, याचं उत्तर तिला कुणी दिलेलं नाही.

भाचीनं हट्टानं अकरावीला असं कॉलेज निवडलं जिथे बास्केटबॉलचं कोर्ट आहे. कोर्ट आहे, हे खरं. त्यावर सकाळी दुचाक्या लागतात. एका बाजूची रिंग वाकलेली आहे आणि जाळी नाही. गणपती आणि स्नेहसंमेलनाच्या दिवसांत मांडव पडतो, त्याचे खिळे फरशीच्या भेगांत राहतात, तिच्या मैत्रिणीच्या बुटात एक घुसला. प्रशिक्षक तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजं आणि एक शाळा सांभाळणारे. ते गृहस्थ जीव तोडून करतात, पण त्यांना पगार वेळेवर मिळत नाही हे मुलींनाही माहीत आहे. संघात सात मुली. पाच खेळतात, दोन राखीव, त्यातल्या एकीला ताप आला की एकच. परवाच्या सामन्याला त्या एसटीनं गेल्या, डबा घरून, आणि जर्सी शाळेच्या जुन्या संघाची, मागचं नाव चिकटपट्टीनं झाकलेलं.

मुलांच्या संघाची कथा वेगळी नाही. पहिल्या वर्षी बारा, दुसऱ्या वर्षी पाच. दहावीपर्यंत दिसणारे चेहरे अकरावीत दिसत नाहीत आणि पदवीच्या वर्षांत आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निवडायचा म्हटलं की निवडायला उरलेलेच असतात किती! खेळ मुलांनी सोडलेला नाही. दहावी ते बारावी या दोन वर्षांत त्यांचा हात धरायला कुणी नसतं.

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं मला फार दुःख होतं. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी इथे मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे या गावाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. खासबागचं कुस्ती मैदान त्यांनीच बांधलं. शाळा-कॉलेज आणि आखाडा ही एकाच अंगणातली गोष्ट होती. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या प्राचार्यांनी, खर्डेकर सरांनी, स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक या गावच्या विद्यार्थ्यानं आणलं. बाकोलोदच्या त्या प्रशिक्षकांनी मैदानाबाहेर पोराच्या आईला जे सांगितलं, ते आपल्याला नवीन नव्हतं. आपणच ते करत होतो.

२०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा महाद्वार रोडवर पेढे वाटले गेले, मीही वाटले. पण तोही लहान वयात घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. म्हणजे पोराला राहायला, खायला आणि शिकायला मिळालं, की आपलं पोरगंही पोचतं. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल खेळणाऱ्या गावोगावच्या मुलींना ते दहावीनंतर मिळत नाही.

मला कायदा करता येत नाही. प्राचार्यांना मी इतकंच विनवते, की कोर्ट संध्याकाळी पाच ते आठ मोकळं ठेवा, दुचाक्या दुसरीकडे लावा, आणि संघातल्या बाहेरगावच्या दोन मुलींना तरी वसतिगृहात फी न घेता जागा द्या. एका मेसच्या दोन ताटांचा खर्च आहे तो. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर एका बैठकीत होईल. आणि ज्या मुलीचा विषय राहिला तिला संघातून काढण्याऐवजी त्या विषयाच्या बाईंकडे रोज तासभर पाठवा. आईबापांना मग सांगता येईल की खेळानं अभ्यास सुटत नाही, सांभाळला जातो.

आपल्याकडे माझी मागणी वेगळी आहे. आपल्या पेपरात फुटबॉलच्या हंगामात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी या संघांच्या सामन्यांना अर्धं पान मिळतं. मिळायलाच हवं. माझा भाऊ त्याच पेठांमध्ये वाढला आणि शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडला आहे. कुणी कितव्या मिनिटाला गोल केला, कुणाचा फटका गोलरक्षकानं अडवला, सगळं असतं. म्हणून तर ती पोरं पेठेत ताठ मानेनं चालतात. शाळा-कॉलेजच्या बास्केटबॉलसाठी मी अर्धं पान मागत नाही. दीड ओळीच्या चार ओळी करा. गुणसंख्या, आणि कुणी किती गुण केले ती नावं. फिलिपाईन्समध्ये विद्यापीठांच्या सामन्याचा पूर्ण गुणतक्ता छापून येतो, राखीव खेळाडूचं शून्यसुद्धा. माझ्या रूममेटच्या आईला नीट वाचता येत नव्हतं, पण मुलाचं नाव कुठे छापलंय ते शेजाऱ्याकडून बोट ठेवून घेऊन तिनं ते कात्रण देवाच्या तसबिरीमागे खोचलं होतं. माझ्या वहिनीनंही परवा पेपर उघडला होता. मुलीचं नाव शोधलं, नव्हतं, घडी घालून ठेवला. माझ्याशी काही बोलली नाही.

स्पर्धेच्या ठिकाणी बातमीदार पाठवणं रोज जमणार नाही, हे मला समजतं. गुण मांडायला माणूस लागत असेल तर मी आहे. गुडघे दुखतात, पण वही धरता येते. जिल्ह्यातल्या सामन्यांची स्कोअरशीट त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयात आणून द्यायची माझी तयारी आहे. केएमटीचा पास आहे माझ्याकडे.

परवाच्या सामन्याची शीट या पत्रासोबत जोडली आहे. एक्केचाळीस विरुद्ध अडतीस. खेळाडूंची पूर्ण नावं मी मुलींकडून विचारून मागच्या बाजूला लिहिली आहेत, शुद्धलेखन त्यांनीच तपासलं. अकरा नंबर माझी भाची, तिचे नऊ गुण. पण चार ओळींत एकच नाव बसणार असेल तर सात नंबरचं घ्यावं. तिनं बावीस केले, त्यातले आठ शेवटच्या क्वार्टरला. ती करवीर तालुक्यातल्या एका वाडीतून रोज पहाटेच्या एसटीनं येते, आणि तिच्या घरी पेपर येत नाही, तेव्हा त्या दिवसाचा एक अंक मी तिच्यासाठी विकत घेऊन ठेवीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर